भुईकाट्यावर चहा नको: एमक्यूटीटीचे कॉलबॅक नीट कसे बसवायचे

पहाटे पावणेपाचला मामांचा फोन. निफाडच्या अलीकडे त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. जानेवारीत तिकडे पारा कसा घसरतो ते नाशिककरांना सांगायला नको. मण्यांत पाणी भरायच्या सुमारास थंडीचा असा झटका बसला की मणी तडकतात. म्हणून बागेत तापमानाचा सेन्सर लावलेला. पारा ५ अंशांखाली गेला की माझ्या प्रोग्रॅमने मामांना उठवायचं, मग ते शेकोट्या पेटवणार आणि ठिबक सोडणार, असं ठरलं होतं.

"भाचेबुवा, तुमचं यंत्र आज रजेवर आहे का?" मामा म्हणाले. "पानावरचं दव गोठलंय इकडे."

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम चालू होता. तीन आठवडे अखंड चालू, समोर हिरवा ठिपका. फक्त त्याला शेवटचा मेसेज रात्री अकराच्या सुमारास मिळाला होता. तेव्हा माझ्या सातपूरच्या घरचं इंटरनेट जेमतेम दोन-तीन मिनिटं गेलं होतं. इंटरनेट परत आलं, प्रोग्रॅम परत आला नाही. कारण एवढंच, की एका कॉलबॅकला (आपण लिहून दिलेल्या, पण लायब्ररी चालवते अशा फंक्शनला) लायब्ररी पाच गोष्टी देते आणि मी तीनच घेतल्या होत्या. मामांनी शेकोट्या वेळेत पेटवल्या, कारण त्यांची सवयीची जाग माझ्या कोडपेक्षा भरवशाची निघाली.

त्या पहाटेनंतर सगळे कॉलबॅक पहिल्यापासून लिहून काढले. तोच क्रम इथे देतोय. उदाहरणं पायथॉनसाठीच्या पाहो या लायब्ररीची आहेत, पण मुद्दे बहुतेक कुठल्याही मेसेजिंग लायब्ररीला लागू पडतील. फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहितोय. लायब्ररीची स्वतःची नावं तुम्हाला अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील. आपल्या फंक्शनांची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत ठेवली तरी चालतात, आणि मी ठेवतो.

कोण कोणाला हाक मारतं

एमक्यूटीटी हा यंत्रांनी एकमेकांना छोटे मेसेज पाठवायचा प्रोटोकॉल १९९९ मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवण्यासाठी तयार केला. तिथली माहिती उपग्रहावरून यायची, म्हणजे लाइन महाग आणि बेभरवशाची. आपल्या शिवारातल्या मोबाइल नेटवर्कला तो इतका चपखल बसतो तो त्यामुळेच. सेन्सर मेसेज ब्रोकरकडे टाकतो आणि ज्यांनी त्या टॉपिकची (म्हणजे मेसेजवर लिहिलेल्या विषयाची) मागणी नोंदवली आहे त्यांना ब्रोकर तो पोचवतो. ब्रोकर म्हणजे मार्केट यार्डातला अडत्या समजा: माल आणणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसले तरी व्यवहार होतो.

आता मेसेज कधी येईल ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आपण लायब्ररीकडे एक फंक्शन देऊन ठेवतो: मेसेज आला की हे चालव. हा कॉलबॅक. तो लिहितो आपण, चालवते लायब्ररी, तिच्या वेळेला आणि तिच्या थ्रेडवर. पुढच्या जवळजवळ सगळ्या भानगडी या शेवटच्या दोन शब्दांतून निघतात. (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारी कामाची साखळी.)

आवृत्ती आधी ठरवा

पाहोची २.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि कॉलबॅकची जुनी मांडणी बदलली. नव्या आवृत्तीत क्लायंट (ब्रोकरशी बोलणारा आपल्या बाजूचा ऑब्जेक्ट) बनवताना पहिलं आर्ग्युमेंट म्हणून कॉलबॅक एपीआयची, म्हणजे कॉलबॅकच्या मांडणीची, आवृत्ती द्यायची: नवं कोड असेल तर व्हर्जन २. जुन्या सवयीने पहिल्या जागी क्लायंट आयडी (ब्रोकर आपल्याला ज्या नावाने ओळखतो ते) लिहिलात तर तिथेच एरर येते, आणि ती आलेली बरी.

खरा धोका पुढे आहे. नेटवर सापडणारी बरीच उदाहरणं अजून जुन्या मांडणीची आहेत. ऑन_कनेक्टला जुन्यात चार गोष्टी मिळायच्या, आता पाच मिळतात: क्लायंट, यूजरडेटा, फ्लॅग्ज, रीझन कोड आणि प्रॉपर्टीज. ऑन_डिस्कनेक्टला जुन्यात तीन, आता याच पाच. ऑन_पब्लिशला तीनच्या पाच झाल्या, ऑन_सबस्क्राइबला चारच्या पाच. ऑन_मेसेज तेवढा पूर्वीसारखाच तीनांचा राहिला.

आकडा चुकला तर पायथॉन ते कधी सांगतो? फंक्शन लायब्ररीला देताना नाही, तर ते पहिल्यांदा चालतं तेव्हा. ऑन_कनेक्ट चुकला तर पहिल्याच मिनिटाला कळतं. ऑन_डिस्कनेक्ट चुकला तर लाइन तुटेपर्यंत कळतच नाही. माझी लाइन तुटली तीन आठवड्यांनी, रात्री अकराला. लायब्ररीने माझ्या तीन-आर्ग्युमेंटवाल्या फंक्शनला पाच गोष्टी दिल्या, टाइपएरर उडाली, आणि परत जोडणी करण्याचं काम ज्या थ्रेडचं होतं तोच थ्रेड मेला. मुख्य थ्रेड आपला स्लीप-स्लीप करत बसला होता, म्हणून ठिपका हिरवा.

तेव्हा पाचही कॉलबॅक लिहा आणि प्रत्येकाची आर्ग्युमेंट तुमच्याकडे बसवलेल्या आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशनशी ताडून पाहा. प्रकल्पाच्या फाइलीत लायब्ररीची आवृत्तीही नेमकी लिहून ठेवा, म्हणजे उद्या दुसऱ्या मशिनवर बसवताना भलतीच येणार नाही.

फंक्शन द्या, त्याचं उत्तर नको

नवशिक्यांची चूक, पण घाईत मीही केली आहे. बरोबर ओळ अशी:

क्लायंट.ऑन_मेसेज = मेसेज_आला

आणि चुकीची अशी:

क्लायंट.ऑन_मेसेज = मेसेज_आला()

कंस लावले की फंक्शन त्याच क्षणी चालतं, आणि ऑन_मेसेजमध्ये जाऊन बसतं त्याचं उत्तर. फंक्शनला आर्ग्युमेंट लागत असतील तर एरर येऊन सुटका होते. लागत नसतील तर उत्तर म्हणून नन जातं, म्हणजे कॉलबॅकच नाही, आणि कुणी तक्रारही करत नाही.

याचाच चुलतभाऊ लूपमध्ये भेटतो. मामांच्या बागेत तीन सेन्सर आहेत, म्हणून मी फॉर लूप फिरवून प्रत्येकासाठी एक लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, बनवला. त्या लॅम्डामध्ये लूपचा व्हेरिएबल वापरला होता. तिन्ही कॉलबॅक बसले, तिन्ही चालले, आणि तिन्ही जण तिसऱ्याच सेन्सरचं नाव सांगू लागले. लॅम्डा व्हेरिएबलची किंमत साठवून ठेवत नाही, चालायच्या वेळी पाहते, आणि तोवर लूप संपून शेवटची किंमत राहिलेली असते. फंकटूल्समधला पार्शल वापरा, किंवा लॅम्डाच्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट म्हणून ती किंमत तिथेच बांधून टाका.

क्रम चुकवू नका

आधी क्लायंट बनवायचा. मग सगळे कॉलबॅक बसवायचे. मग यूजरनेम-पासवर्ड, टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) आणि लास्ट विल. लास्ट विल म्हणजे आपण अचानक गायब झालो तर ब्रोकरने आपल्या वतीने टाकायचा मेसेज; तो जोडणीच्या विनंतीतूनच जातो, त्यामुळे नंतर बसवून उपयोग नाही. मग कनेक्ट, आणि सर्वांत शेवटी लूप, म्हणजे मेसेज ऐकत राहणारा लायब्ररीचा भाग.

लूप आधी सुरू करून कॉलबॅक मागाहून बसवले तर पहिले एक-दोन मेसेज कॉलबॅक नसताना येऊन जाऊ शकतात. आपल्या घरातल्या मशिनवर हे जाणवत नाही, कारण सगळं मिलिसेकंदांत घडतं. खऱ्या सर्व्हरवर कधी घडतं, कधी नाही, आणि असला बग शोधण्याइतकं वैतागवाणं काम दुसरं नाही.

लूप दोन प्रकारचे आहेत. लूप_स्टार्ट वेगळा थ्रेड काढून देतो आणि तुमचा मुख्य प्रोग्रॅम मोकळा राहतो. लूप_फॉरएव्हर मुख्य थ्रेडच अडवून बसतो. ज्या प्रोग्रॅमचं काम फक्त ऐकणं आहे त्याला मी आता लूप_फॉरएव्हरच वापरतो. त्यात कॉलबॅकमध्ये एरर आली तर अख्खा प्रोग्रॅम पडतो, आणि लिनक्सवर प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला रीस्टार्ट करायला सांगून ठेवलं असेल तर तो पुन्हा उभा राहतो. अर्धमेल्या प्रोग्रॅमपेक्षा पडलेला प्रोग्रॅम केव्हाही परवडला.

ऑन_कनेक्ट: सबस्क्राइब इथेच

कनेक्ट फंक्शन बिनतक्रार परत आलं याचा अर्थ ब्रोकरने आत घेतलं असा नाही. विनंती पाठवली, इतकाच. होकार की नकार ते ऑन_कनेक्टमधल्या रीझन कोडवर कळतं. म्हणून पहिलं काम तो तपासणं: त्याच्या इज_फेल्युअरचं उत्तर ट्रू असेल तर कारण लॉगमध्ये लिहा आणि तिथूनच परता. पासवर्ड चुकलाय की परवानगी नाही, हे तो शब्दांत सांगतो.

दुसरं काम सबस्क्राइब, म्हणजे टॉपिकची मागणी नोंदवणं. ते कनेक्टच्या खालच्या ओळीत, मुख्य प्रोग्रॅममध्ये लिहायचा मोह होतो, आणि पहिल्या दिवशी ते चालतंही. पण लाइन तुटून परत जोडली गेली की मुख्य प्रोग्रॅममधली ती ओळ पुन्हा चालत नाही. क्लीन सेशन (तुटल्यावर ब्रोकरने काही लक्षात ठेवायचं नाही अशी जोडणी) असेल तर ब्रोकर तुमच्या जुन्या मागण्या विसरलेला असतो. मग जोडणी आहे, पिंग (आपण जिवंत असल्याची खूण) चालू आहे, एरर एकही नाही, आणि मेसेज शून्य. ऑन_कनेक्ट मात्र दर जोडणीला चालतो, म्हणून सबस्क्राइब त्याच्या पोटात.

टॉपिकचं नाव यूटीएफ-८ मध्ये असतं, तेव्हा "बाग/निफाड/तापमान" असं देवनागरी नावही बिनधास्त ठेवता येतं. शेवटी किंवा मध्ये रिकामी जागा राहणार नाही तेवढी काळजी घ्या. ती वेगळा टॉपिक धरली जाते आणि डोळ्यांना दिसत नाही.

सबस्क्राइबलाही नकार मिळू शकतो. तो ऑन_सबस्क्राइबमध्ये येतो, कोडांच्या यादीतून, मागितलेल्या प्रत्येक टॉपिकला एक. कोड १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर नकार. हा कॉलबॅक बरेच जण लिहीतच नाहीत. लिहा, दोन ओळींचं काम आहे.

ऑन_डिस्कनेक्ट: इथे हात लावू नका

या कॉलबॅकमध्ये लोक हौसेने पुन्हा कनेक्ट करायचं कोड लिहितात. गरज नाही. लूप_स्टार्ट आणि लूप_फॉरएव्हर दोन्ही स्वतःहून परत जोडायचा प्रयत्न करत राहतात: आधी १ सेकंदाने, मग थांबण्याचा वेळ वाढवत १२० सेकंदांपर्यंत. हे आकडे रीकनेक्ट_डिले_सेटने बदलता येतात. तुम्ही मध्ये आपलं कोड घातलंत तर एकाच दारातून दोघं एकदम घुसायला पाहतात.

इथे फक्त नोंद करा: किती वाजता तुटलं, रीझन कोड काय. आपणच डिस्कनेक्ट केलं असेल तर शून्य येतो. बाकी काहीही आलं तर ते अनपेक्षित.

नोंदीत दर काही सेकंदांनी जोडलं-तुटलं, जोडलं-तुटलं असं दिसू लागलं तर नेटवर्कला शिव्या घालण्याआधी क्लायंट आयडी तपासा. एकाच आयडीने दोन प्रोग्रॅम जोडले की नवा आला म्हणून ब्रोकर जुन्याला बाहेर काढतो, जुना परत येतो, नवा बाहेर जातो. लॅपटॉपवर चाचणी चालू ठेवून घरच्या मशिनवरही तोच प्रोग्रॅम सुरू केला, की हमखास हेच.

ऑन_मेसेज: घ्या, रांगेत टाका, परता

लासलगावला कांद्याच्या हंगामात भुईकाट्यासमोर लागलेली ट्रॅक्टरची रांग पाहिली असेल. काटा एक, ट्रॅक्टर शंभर. काट्यावर ट्रॉली उभी करून एखादा चहा प्यायला गेला तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा. वजन करायचं, पावती घ्यायची, पुढे व्हायचं. बाकीचं यार्डात.

ऑन_मेसेज काट्यावर चालतो. पाहोमध्ये मेसेज घेणं, पोच देणं, पिंग पाठवणं हे सगळं एकच थ्रेड करतो, आणि तुमचा कॉलबॅकही त्याच थ्रेडवर. कीप अलाइव्ह (किती वेळ शांत राहिलं की पिंग पाठवायचा ती मुदत) ६० सेकंद असेल आणि तुमचा कॉलबॅक दोन मिनिटं अडकला, तर तेवढा वेळ पिंग जात नाही. ब्रोकर दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहतो आणि तुम्हाला मेलेलं धरून लाइन कापतो. वर तुमची लास्ट विलही सगळ्यांना वाटून टाकतो.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मामांना एसएमएस पाठवण्याची वेब विनंती थेट ऑन_मेसेजमध्येच होती. पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी तुम्ही टाइमआउट दिला नाही तर आपणहून वेळेची मर्यादा घालत नाही. समोरचा सर्व्हर गप्प बसला तर तीही गप्प बसून राहते, आणि तिच्यामागे सगळी रांग.

आता रचना अशी आहे. कॉलबॅक एवढंच करतो: टॉपिक, पेलोड (मेसेजच्या आतली माहिती), रिटेन फ्लॅग आणि आत्ताची वेळ यांचा एक गठ्ठा पायथॉनच्या क्यूमध्ये टाकतो आणि परततो. एक वेगळा कामगार थ्रेड क्यूमधून एकेक उचलतो आणि सावकाश काम करतो. एसएमएस त्याने पाठवायचा, तोही १० सेकंदांचा टाइमआउट देऊन. नोंद डेटाबेसमध्ये त्यानेच करायची. एसक्यूलाइटचं कनेक्शनही त्याच थ्रेडमध्ये उघडा. मुख्य थ्रेडमध्ये उघडून दुसरीकडे वापरलंत तर पायथॉन चक्क नकार देतो.

क्यूला कमाल आकार द्या आणि भरल्यावर वाट न पाहणारं पुट_नोवेट वापरा. क्यू भरली तर लॉगमध्ये ओरडा, पण काट्यावर थांबू नका.

याची एक किंमत आहे. क्यूओएस (मेसेज पोचवण्याच्या हमीची पातळी) १ असेल तर पाहो कॉलबॅक परतल्यावर ब्रोकरला पोच देतो. आपण क्यूत टाकून लगेच परतलो, पोच गेली, आणि त्याच क्षणी वीज गेली, तर मेमरीतला तो मेसेज गेला. पाच मिनिटांनी दुसरं तापमान येणारच आहे, म्हणून मला हे चालतं. पैशांचे किंवा पंप चालू-बंद करण्याचे मेसेज असतील तर चालणार नाही. तिथे पोच हाताने देण्याची सोय वापरा आणि काम पुरं झाल्यावरच पोच द्या.

क्यूओएस १ मध्ये तोच मेसेज दोनदाही येऊ शकतो; "निदान एकदा" असाच त्याचा करार आहे. माझ्या सेन्सरच्या मेसेजमध्ये अनुक्रमांक असतो आणि कामगार थ्रेड पाहिलेला क्रमांक सोडून देतो. नाहीतर मामांना एकाच थंडीसाठी दोनदा उठावं लागलं असतं, आणि दुसऱ्या वेळी मला काय ऐकावं लागलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रिटेन फ्लॅगकडेही लक्ष द्या. सेन्सरने मेसेज रिटेन करून, म्हणजे ब्रोकरने तो जपून ठेवावा असं सांगून, टाकला असेल तर तुम्ही सबस्क्राइब करताच ब्रोकर तो जुना मेसेज हातात देतो. भर दुपारी प्रोग्रॅम रीस्टार्ट केला आणि पहाटेचे ४ अंश समोर आले, असा प्रकार. दाखवायला तो आकडा वापरा, इशारा द्यायला नको.

पेलोड बाइट्समध्ये येतो, मजकुरात नाही. तो डीकोड करणं आणि आकड्यात बदलणं ट्रायच्या आतच ठेवा, कारण एखाद्या दिवशी कुणीतरी चाचणीसाठी त्या टॉपिकवर "हॅलो" पाठवणारच. आकडा मिळाला तरी लगेच विश्वास ठेवू नका. बागेत डीएस१८बी२० हा प्रोब आहे; वीज आल्या आल्या, मोजणी व्हायच्या आधी तो ८५ अंश सांगतो. त्याची वायर सुटली तर आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. उणे १२७ हे ५ पेक्षा कमीच, म्हणजे इशारा जाणार. एकदा गेला. वायर उंदराने कुरतडली होती.

तापमान, ओलावा, पंप असे वेगवेगळे टॉपिक असतील तर ऑन_मेसेजमध्ये इफ-एल्सची माळ लावू नका. मेसेज_कॉलबॅक_ॲड वापरून प्रत्येक टॉपिकला वेगळं फंक्शन द्या. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की एखादा मेसेज अशा फंक्शनशी जुळला की तो ऑन_मेसेजकडे येत नाही. "सगळं लॉग करणारी" ओळ तुम्ही ऑन_मेसेजमध्ये ठेवली असेल तर ती अचानक मुकी होते.

कुठल्याच कॉलबॅकमध्ये वेट_फॉर_पब्लिश वापरू नका. पब्लिश पुरं करणारा थ्रेड तोच, आणि तुम्ही त्यालाच थांबवून "कधी होणार" विचारताय. तो जन्मात उत्तर देणार नाही. कॉलबॅकमधून नुसता पब्लिश केलेला चालतो.

लॉग सुरू करा

पाहोला एनेबल_लॉगर सांगितलं की त्याचा आतला संवाद पायथॉनच्या लॉगिंगमध्ये दिसू लागतो, कॉलबॅकमध्ये उडालेल्या एररसकट. माझी ती टाइपएररही छापली गेली होती. ज्या लॉगमध्ये छापली तो मी उघडला नव्हता, इतकंच.

सप्रेस_एक्सेप्शन्स नावाची एक खूणही आहे. ती ट्रू केली की कॉलबॅकमधली एरर गिळली जाते आणि थ्रेड जिवंत राहतो. मी ती वापरत नाही. प्रत्येक कॉलबॅकमध्ये माझा स्वतःचा ट्राय असतो आणि पकडलेली एरर पूर्ण मागोव्यासह लॉगमध्ये जाते.

तार उपटून पाहा

सगळं बसवल्यावर लॅपटॉपवर मॉस्किटो ब्रोकर टाका. २.० पासून तो काही न सांगता फक्त त्याच मशिनवरून जोडू देतो, त्यामुळे दुसऱ्या मशिनवरून चाचणी करायची तर कॉन्फिगमध्ये लिसनर १८८३ लिहा आणि यूजरनेम-पासवर्ड ठेवा. मॉस्किटो_पबने हाताने मेसेज पाठवा: बरोबर आकडा, "हॅलो", रिकामा पेलोड, ८५, उणे १२७.

मग ब्रोकर बंद करा. ऑन_डिस्कनेक्टची नोंद आली पाहिजे. तीन मिनिटांनी चालू करा. ऑन_कनेक्ट, ऑन_सबस्क्राइब, आणि नवा मेसेज, या क्रमाने तीन नोंदी दिसल्या पाहिजेत. एवढी एक चाचणी मी त्या तीन आठवड्यांत केली असती तर मामांना फोन करावा लागला नसता.

पुढची चाचणी वेगळी: प्रोग्रॅम दुसऱ्या मशिनवर असताना, ब्रोकर चालू ठेवून राउटरची तार उपटा. इथे तुटल्याचं लगेच कळत नाही, कारण निरोप घेणारं कुणी नसतं. पिंगला उत्तर आलं नाही की मगच कळतं. घड्याळ लावून पाहा. तो वेळ तुमच्या कामाला जास्त वाटला तर कीप अलाइव्ह कमी करा. शेवटची चाचणी म्हणून कामगार थ्रेडमध्ये मुद्दाम दोन मिनिटांची झोप घाला आणि जोडणी टिकते का बघा.

आणखी एक तुकडा मी नंतर जोडला, कॉलबॅकच्या बाहेर. एक छोटा प्रोग्रॅम वेगळ्या मशिनवर बसून फक्त शेवटचं तापमान कधी आलं ते पाहतो. सेन्सर दर ५ मिनिटांनी बोलतो. २० मिनिटं शांतता झाली तर मामांना नाही, मला फोन. यंदाच्या हिवाळ्यात तो दोनदा वाजला. एकदा शिवारातली वीज गेली होती, एकदा माझीच चूक.

मामांनी मात्र पहाटे चारचा गजर अजून काढलेला नाही. "असू दे रे," म्हणतात, "त्याला इंटरनेट लागत नाही."